गरीब कोंबडा : जुन्नर-आंबेगावच्या अंगणातील एका निवडीचा इतिहास

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा, हा गावरान कोंबडीपालनातला जुना हिशोब. बाकीचे नर जत्रेला, पाहुण्याला, आखाडाला नाहीतर आठवडे बाजाराला जातात आणि मागे ठेवलेला एकच नर घरात पुढे होणाऱ्या सगळ्या पिल्लांचा बाप ठरतो. म्हणून कोणता कोंबडा ठेवायचा हा निर्णय दिसायला घरगुती असला तरी वंश घडवणारा असतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, खोडदच्या माळापासून भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, हा निर्णय बहुतेक घरांत बायकांच्या हाती राहिला. त्यांनी तुरा पाहिला, वजन पाहिले, रंगही पाहिला. पण अंगणात लेकरू रांगत असेल तर स्वभाव आधी पाहिला. अंगावर धावून येणारा तो मारका. माणसाला बुजत नाही आणि माणसावर चालूनही येत नाही तो गरीब. मारका आधी सुरीखाली गेला, गरीब मागे राहिला. गावरान कोंबड्याचा आजचा स्वभाव हा अशा असंख्य छोट्या निवडींचा साठा आहे.

रानातून अंगणात

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचे जंगल आहे. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेले हे जंगल १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सह्याद्रीतला करडा रानकोंबडा येथे आढळतो. मानेवरच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असलेला हा पक्षी माणसाची चाहूल लागताच झुडपात शिरतो. त्याचा चुलतभाऊ लाल रानकोंबडा महाराष्ट्राच्या पूर्वेकडील जंगलांत राहतो. जगभरातल्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडाच, हे चार्ल्स डार्विनने एकोणिसाव्या शतकात मांडले आणि पुढच्या जनुकीय अभ्यासांनी ते पक्के केले. त्यात एक भर २००८ साली पडली. पाळीव कोंबड्यांच्या अनेक जातींत दिसणारी पिवळी कातडी लाल रानकोंबड्याकडून आलेली नसून करड्या रानकोंबड्याकडून आली आहे, असे त्या वर्षीच्या संशोधनात दिसले. करडा रानकोंबडा फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडतो. तेव्हा पिवळ्या पायांच्या कोंबडीच्या रक्तात दक्षिण भारताच्या जंगलाचा काही अंश आहे, एवढे निश्चित.

कोंबडी माणसाळली कुठे आणि केव्हा, याविषयीचे मत अलीकडे बदलले आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडे थायलंडमधील बान नॉन वट येथील असून ती इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली आहेत. कोरडवाहू भात आणि भरड धान्ये पिकू लागली, खळी आणि कणग्या आल्या, सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानपक्षी वस्तीजवळ आले आणि तिथेच राहिले, असे या अभ्यासाचे प्रतिपादन आहे. माणसाजवळ येऊन दाणे टिपायला धीर लागत होता. जो पक्षी कमी घाबरट तो पोटभर खाई, जास्त पिल्ले वाढवी. गरीब स्वभावाची पहिली निवड अशी माणसाने हात न लावताच सुरू झाली.

दख्खनमध्ये सातवाहनांची सत्ता उभी राहिली, नाणेघाटातून जुन्नरकडे व्यापारी तांडे चढू लागले, त्याच सुमाराच्या संस्कृत ग्रंथांत पाळीव आणि रानटी कोंबडा यांतला भेद स्पष्ट दिसतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला वैयाकरण पतंजली महाभाष्यात शब्दार्थाचा एक मुद्दा समजावताना गावकोंबड्याचेच उदाहरण घेतो : गावातला कोंबडा खाऊ नये असे म्हटले की रानातला खाण्यास हरकत नाही, हे आपोआप कळते. मनुस्मृतीनेही गावकोंबड्याला अभक्ष्यांच्या यादीत घातले आहे. उकिरडा उकरणारा पक्षी अपवित्र मानला गेला, हे त्यामागचे उघड कारण. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची लांबलचक यादी आहे; तिच्यात गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी येतात. राजाच्या दानात शोभावी अशी कोंबडीची योग्यता नव्हती. ती गरिबाघरचे धन राहिली.

याहून महत्त्वाचा उल्लेख अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर काढलेल्या या आज्ञेत कोंबड्याला खच्ची करू नये असे सांगितले आहे. खच्ची केलेला कोंबडा भांडत नाही, आरवत नाही आणि लठ्ठ होतो. मनाई करावी लागली, त्या अर्थी ही प्रथा होती. मात्र कोंबड्याचे वृषण पाठीच्या कण्यालगत, पोटाच्या आत असतात. बैलासारखे बाहेरून बडवता येत नाहीत, पोट चिरावे लागते. शिवाय खच्ची कोंबडा शांत झाला तरी त्याचा शांतपणा पुढच्या पिढीत उतरत नाही. गावाने धरलेला दुसरा मार्ग सोपा होता : जो जन्मतःच गरीब त्याला ठेवायचे.

अंगणाची व्यवस्था

जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात, खोडद, मांजरवाडी, नारायणगावच्या परिसरात, जुनी घरे दगडमातीची आणि अंगण शेणाने सारवलेले असे. खुराडे बहुधा ओट्याच्या पोटात किंवा गोठ्याच्या भिंतीत काढलेले. तोंड एवढेच की कोंबडी वाकून आत जावी आणि रात्री एका फरशीने ते बंद व्हावे. दिवसा लहान पिल्ले आणि त्यांची आई डालग्याखाली झाकली जात. बांबूच्या कामट्यांचे हे उलटे टोपले घारीपासून राखण करी आणि बाजाराच्या दिवशी कोंबड्या वाहून न्यायलाही कामी येई. पश्चिमेच्या मावळपट्टीत महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर हीच व्यवस्था कुडाच्या घरात होती.

कोंबड्यांना वेगळे खाद्य क्वचितच मिळाले. बाजरीची कणी, निसलेल्या धान्यातला कोंडा, उरलेली भाकरी, आणि बाकी उकिरड्यातले किडे, गवताचे बी, गुरांच्या अंगावरून पडलेले गोचीड. एवढ्यावर गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तीही एकसलग नव्हे. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते. तिच्याखाली नऊ ते तेरा अंडी ठेवायची, एकवीस दिवसांनी पिल्ले निघायची, दोन-अडीच महिने आईने ती सांभाळायची, मग पुन्हा अंडी. आकडा लहान असला तरी अंडी आणि कोंबड्या यांच्या पैशावर घरच्या बाईचा हक्क असे. मीठ-मिरची, बांगड्या, पोराची पाटी-पेन्सिल त्यातून येई. म्हणूनच पिल्ले, खुराडे आणि कोंबड्याची निवड हे तिचे खाते राहिले.

सगळ्या घरांत कोंबड्या होत्या असे मात्र नाही. हा वारकऱ्यांचा मुलूख आहे; तुकोबांचे गुरू मानले जाणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी जुन्नर तालुक्यातल्याच ओतूरला आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की त्या घरातून खुराडे जाई. ब्राह्मण आणि जैन घरांत ते नसेच. कुणबी-मराठा, महार, मांग, कोळी, ठाकर, मुसलमान यांच्या वस्त्यांत ते असे. त्यामुळे गावात अनेक छोटे छोटे कळप तयार होत आणि प्रत्येकाचा आपापला कोंबडा असे. एकाचा कोंबडा दुसऱ्याच्या अंगणात गेला की आधी कोंबड्यांत आणि मग घरांत भांडण होई.

कोण जातो, कोण राहतो

कोंबड्यांची छाटणी पंचांगाप्रमाणे चाले. पावसाळा संपल्यावर, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, निघालेली पिल्ले चांगली जगतात. हवा कोरडी असते, खळ्यावर दाणा असे. ही पिल्ले दोन महिन्यांची झाली की नर-मादी ओळखू येतात. नराचा तुरा लवकर लाल होतो, मानेवर आणि कमरेवर लांब टोकदार पिसे येतात. चार-पाच महिन्यांत तो आरवू लागतो. चैत्र-वैशाखात गावजत्रा आणि लग्नसराई येते. पाहुणे येतात आणि पहिले नर तेव्हा जातात. उरलेले आखाडात. आषाढ हा श्रावणाच्या आधीचा सामिष जेवणाचा शेवटचा महिना. दीप अमावस्येपर्यंत घरोघर कोंबडे कापले जातात आणि मग श्रावण पाळणाऱ्या घरांत महिनाभर सुरी बंद राहते. हिवाळी पिल्लांतला जो नर आखाड ओलांडतो, तोच बहुधा पुढच्या वर्षाचा बाप.

देवाचा वाटाही ठरलेला असे. म्हसोबा, वेताळ, शिवेवरचे आणि बांधावरचे देव यांना कोंबडा लागे. नवस फेडायला दिलेला कोंबडा धडधाकट आणि बिनव्यंग हवा, काही देवांना विशिष्ट रंगाचाच हवा, असा संकेत होता. उलट्या पिसांचा कोंबडा उताऱ्यासाठी मागितला जाई. वेगळ्या रंगाचे आणि वेगळ्या पिसांचे नर अशा रीतीने कळपातून सतत निघून जात, आणि मागे राहणारा कोंबडा बहुधा डोळ्यात न भरणारा, तांबूस-काळसर असे. कापण्याचे काम मुलाण्याकडे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात गावकीच्या ज्या हक्कदारांचे वर्णन आहे, त्यांत मुलाणाही येतो. हिंदू घरातली कोंबडीसुद्धा त्याच्याच हातून कापून घेण्याची रीत पुणे जिल्ह्यात रूढ होती आणि त्याबद्दल त्याला वाटा मिळे.

पंचांगाने कोंबडीचा वंश बदलतो याचे एक उदाहरण युरोपातही आहे. तेथील उत्खननांत मिळालेल्या कोंबड्यांच्या हाडांतील जनुकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कोंबडीच्या कमी भांडखोर स्वभावाशी आणि वर्षभर अंडी देण्याशी जोडले गेलेले एक जनुकीय रूप तेथे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास झपाट्याने पसरले असे त्यात आढळले. ख्रिस्ती उपासांत चतुष्पादांचे मांस वर्ज्य, पण कोंबडी आणि अंडी चालत, आणि वाढत्या शहरांत थोड्या जागेत जास्त कोंबड्या ठेवाव्या लागल्या, अशी त्याची कारणे संशोधकांनी सुचवली. तिकडे उपासाने कोंबडीला मागणी आणली; इकडे श्रावणाने छाटणीची मुदत ठरवली. नियम उलटे, पण दोन्हीकडे धर्मपालनाच्या दिनदर्शिकेने कोंबडीच्या वंशावर छाप टाकली.

जेथे मारकेपणाला किंमत होती तेथे निवड उलट झाली. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात आणि गोव्यात झुंजीसाठी कोंबडे पोसले गेले. असील जातीचा उंच, जाड मानेचा, मागे न हटणारा नर याच आवडीतून आला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने अशा झुंजी बेकायदा ठरवल्या. जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतींचे वेड मोठे. कोंबड्याच्या झुंजीला तेथे तशी प्रतिष्ठा मिळाली नाही. तिथल्या कोंबड्याकडून अपेक्षा एवढीच की कोंबड्या सांभाळाव्यात, घार ओळखावी आणि पोरांच्या वाटेला जाऊ नये.

पारख

गरीब कोंबडा म्हणजे भित्रा कोंबडा नव्हे, हे पारखणाऱ्या बाईला पक्के ठाऊक असे. भित्रा नर कोंबड्यांना राखत नाही. पारख दाणे टाकताना होते. अंगणात मूठभर कणी फेकली की एक नर कोंबड्यांना ढकलून स्वतःच टिपू लागतो. दुसरा दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि घशातून टुक-टुक आवाज काढत कोंबड्यांना बोलावतो. त्या आल्या की बाजूला उभा राहून मान वर ठेवतो. ठेवायचा तो हा दुसरा. आकाशात घार दिसली तर त्याचा आवाज लांब आणि किंचाळता, कुत्रा किंवा मुंगूस दिसले तर तुटक आणि खडखडता. दोन्ही इशारे वेगळे असतात हे प्रयोगांतूनही सिद्ध झाले आहे. पहिल्या आवाजावर कोंबड्या झुडपाखाली दबतात, दुसऱ्यावर उभ्या राहून पाहतात.

मारकेपणाची लक्षणे चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दिसतात. माणूस पाठमोरा झाला की मागून येणे, एक पंख खाली टाकून बाजूबाजूने सरकत पायाशी येणे, डोके खाली करून मानेची पिसे फुलवणे, केरसुणीवर किंवा लुगड्याच्या काठावर उडी घेणे. पायामागचा काटा अजून बोथट असतो तोवर हे हसण्यावारी जाते. वर्षभरात तो काटा टोकदार होतो आणि लहान मुलाच्या तोंडावर लागला तर डोळाही जाऊ शकतो. म्हणून आखाडाची सुरी प्रथम याच्यावर पडते. उचलून काखेत धरल्यावर थोड्या वेळात शांत होणारा, हातातून दाणे टिपणारा, कोंबडीच्या पाठीची पिसे उपटून काढत नाही असा नर पसंत केला जातो. त्याशिवाय सरळ बोटे, स्वच्छ डोळे, लालभडक उभा तुरा आणि भरदार छाती हे पाहिले जाते. गावरान नराचे वजन सहसा दीड ते दोन किलोच्या आसपास भरते. फार जड नर कोंबड्यांना पेलत नाही.

स्वभाव आनुवंशिक असतो, या घरगुती समजुतीला स्वीडनमधील लिंशॉपिंग विद्यापीठातील प्रयोगांनी दुजोरा दिला. तेथे लाल रानकोंबड्यांतून माणसाला कमी घाबरणारे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. थोड्याच पिढ्यांत त्यांची वागणूक बदलली. त्याबरोबर शरीराचा आकार, अन्न पचवून वाढण्याची क्षमता आणि मेंदूचे आकारमान यांतही फरक पडला. केवळ भीती कमी असलेले पक्षी निवडले तरी पाळीव कोंबडीची बाकीची काही लक्षणे मागोमाग येतात, असा त्याचा अर्थ.

कळपातली पायरी हा दुसरा भाग. कोण कोणाला टोचणार आणि कोण मुकाट्याने सहन करणार, याची कोंबड्यांत ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली शास्त्रीय रीतीने मांडले. आरवण्यातही ती दिसते. जपानच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले की कोंबडा पहाटेच्या उजेडाची वाट न पाहता शरीरातल्या घड्याळाप्रमाणे आरवतो, मंद उजेडात कोंडून ठेवला तरीही; आणि २०१५ साली त्यांनी हेही दाखवले की एकत्र ठेवलेल्या नरांत वरच्या पायरीचा आधी आरवतो, बाकीचे मागाहून. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण ज्यांच्या तोंडी होती त्यांनी डालग्याखालून येणारी बांग रोज ऐकली होती.

नवा कोंबडा रुळवणे

घरचाच नर दरवर्षी ठेवला तर बाप-लेकी आणि भाऊ-बहिणींत जोड्या लागतात. अंडी कमी फुटतात, पिल्ले अशक्त निघतात. हे टाळायला दोन वाटा होत्या. एक, माहेराहून किंवा दुसऱ्या वाडीतून अंडी आणून आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवणे. दुसरी, दोन वर्षांनी कोंबडा बदलणे. कोंबडी अर्धेलीने देण्याची रीतही उपयोगी पडे : कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा, पिल्ले निम्मी-निम्मी. या देवघेवीत वंश गावोगाव फिरत राहिला. बाहेरचा कोंबडा बहुधा जुन्नर, ओतूर, नारायणगाव, बेल्हे किंवा मंचरच्या बाजारातून येई. बाजारात मात्र स्वभाव कळत नाही. पाय बांधून उलटा धरलेला कोणताही कोंबडा गरीबच दिसतो. म्हणून ओळखीच्या घरून, त्या अंगणात त्याची वागणूक पाहून आणलेला नर जास्त भरवशाचा मानला जाई.

आणलेला नर थेट कळपात सोडत नसत. सुरुवातीला तो पायात सुतळी बांधून गोठ्याच्या खुंट्याला किंवा डालग्याखाली ठेवला जाई. जुन्या कोंबड्यांना तो दिसे, त्यांची चोच त्याच्यापर्यंत पोचत नसे. दाणे डालग्याच्या कडेने टाकले जात, म्हणजे आत-बाहेर दोघे शेजारी टिपत. काही दिवसांनी रात्री, सगळ्या कोंबड्या खुराड्यात बसल्यावर, त्याला हळूच आत ठेवत. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे रात्री झुंज होत नाही आणि सकाळी तो कळपातलाच एक होऊन बाहेर पडतो. दोन-तीन दिवस टोचाटोची होते, एखादी थोराड कोंबडी त्याला पिटाळते, मग पायरी ठरते. जुना नर असेल तर नव्याला आणण्याआधीच तो काढून टाकणे शहाणपणाचे ठरते. दोन प्रौढ नर समोरासमोर आले तर तुरे रक्तबंबाळ होतात.

वेगळे ठेवण्याला रोगाचेही कारण होते. मानमोडीने खुराडीच्या खुराडी ओस पडत. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि आठवड्यात कळप संपतो. या रोगाची भारतातली शास्त्रीय नोंद १९२७-२८ च्या सुमारास हिमालयातल्या राणीखेत येथून झाली आणि पुस्तकात त्याला राणीखेत हेच नाव मिळाले. मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात त्यावर लस तयार झाली. लक्षणे दिसायला सहसा पाच-सहा दिवस आणि कधी दोन आठवडे लागतात. म्हणून बाजारचा कोंबडा दोन-तीन आठवडे लांब ठेवावा हा आजचा सल्ला आहे. जुन्या रीतीतला थोड्या दिवसांचा डालग्याखालचा मुक्काम रुळवायला पुरे, रोगाला अपुरा. आणखी एक हिशोब नवा नर आणल्यावर ध्यानात ठेवावा लागतो. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते. त्यामुळे जुना कोंबडा काढल्यानंतर तितके दिवस घातलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांचा बाप जुनाच असू शकतो. नव्याच्या वंशाची अंडी हवी असतील तर तेवढे थांबून मग कोंबडी बसवायची.

सरकारी नर

कोंबडा बदलण्याचे काम घराबाहेरच्या माणसांनी हाती घेतले ते विसाव्या शतकात. पुणे आणि खडकीच्या छावण्यांत अंड्यांना कायम गिऱ्हाईक होते. स्वातंत्र्यानंतर सामुदायिक विकास कार्यक्रम (१९५२) आणि दुसरी पंचवार्षिक योजना (१९५६-६१) यांतून कुक्कुटविकास खेड्यात आला. विचार साधा होता : एक नर बदलला की सगळा कळप बदलतो. म्हणून देशी कोंबडे काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी व्हाइट लेगहॉर्न किंवा ऱ्होड आयलंड रेडचे नर द्यावेत, अशा योजना देशभर राबवल्या गेल्या. पहिल्या पिढीत अंडी वाढली. पण लेगहॉर्नचे रक्त आले की कोंबडी खुडूक बसेना, पांढरा रंग घारीला लांबून दिसे आणि नर बुजरा, फडफडणारा निघे. ऱ्होड आयलंड रेड त्या मानाने अंगणाला मानवला.

पुढे १९८९ साली बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून गिरिराज आली, नंतर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतून वनराज आली. दोन्ही रंगीत, वजनदार आणि परसातल्या खाद्यावर वाढणाऱ्या. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आणि नागपूर येथे आहेत. पुण्याचे केंद्र खडकीला आहे. एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचा जो गट पन्नास टक्के अनुदानावर दिला जातो, त्यात २५ माद्या आणि ३ नर असतात. आठ-नऊ माद्यांमागे एक नर, हा घरचाच जुना हिशोब कागदावर आला. फरक एवढाच की ते तीन नर निवडण्याची संधी घेणारणीला नसते. ती तिला पुढे, तिघांतला एक ठेवताना मिळते.

याच काळात कोंबड्याची गरजच संपवणारा धंदा पुण्यात उभा राहिला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. त्या अंड्यांत जीव नसतो आणि तो हवाही नसतो, म्हणून शेडमध्ये एकही नर लागत नाही. पिल्ले यंत्रात निघतात. नर फक्त पैदास केंद्रांत उरले आणि तेथे स्वभावाआधी वजन आणि अंड्यांचे आकडे मोजले गेले. बर्ड फ्लूने दोन्ही व्यवस्थांना एकदमच गाठले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला तो आढळला. अशा वेळी बाधित क्षेत्रातल्या सर्व कोंबड्या नष्ट केल्या जातात, त्यात परसातल्याही आल्या. शेडवाला नवी पिल्ले विकत आणतो. अंगणातला पारखून ठेवलेला वंश मात्र गेला की गेला.

बदललेले अंगण

खोडद आज जगाला ठाऊक आहे ते प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. गावाचे शिवार मात्र त्याआधीच कुकडी प्रकल्पाने बदलू लागले होते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांतून फिरले. बाजरीच्या जागी ऊस, द्राक्ष, टोमॅटो आले. खळी गेली, सांडलेला दाणा गेला, फवारलेल्या रानात कोंबड्या सोडणे धोक्याचे झाले. उसात बिबट्या राहू लागला. कुत्री, शेळ्या यांच्याबरोबर कोंबड्याही त्याच्या टप्प्यात आल्या; माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले. पूर्वी खुराड्याला फरशी पुरे, आता जाळी आणि पक्के दार लागते.

गावरान कोंबडी यातून नाहीशी झाली नाही, उलट महागली. गावरान अंडे शेडच्या अंड्याहून कितीतरी जास्त भावाने जाते, महामार्गावरच्या खानावळी गावरान कोंबडीची पाटी लावतात. पण विक्रीसाठी कोंबडी वाढू लागली की सगळ्यात मोठा, सगळ्यात देखणा नर आधी विकला जातो आणि उरलासुरला बाप होतो. शिवाय वस्ती दाट झाली, मुले अंगणातच खेळतात, शेजाऱ्याची भिंत हाताच्या अंतरावर आहे. मारका कोंबडा पूर्वीपेक्षा जास्त अडचणीचा झाला आहे.

म्हणून जुनी रीत आजही खरी ठरते. हिवाळ्यात निघालेल्या नरांपैकी दोन-तीन आखाडापर्यंत राखावेत, त्यांना रोज दाणे टाकताना पाहावे, कोंबड्यांना बोलावून खाऊ घालणारा आणि माणसाच्या अंगावर न येणारा एक ठेवावा, बाकीचे काढावेत. दोन वर्षांनी नर ओळखीच्या घरून बदलावा, त्याला आधी दोन-तीन आठवडे लांब ठेवून मग कळपाला दाखवावा आणि राणीखेतची लस चुकवू नये. विकत आणलेल्या सुधारित जातीने वजन आणि अंडी मिळतात. अंगणाला शोभणारा स्वभाव मात्र घरच्या निवडीनेच टिकतो.